पहिला भपका: तापवणं सोपं, गार करणं अवघड

प्रश्न थोडक्यात असा: बोरिवलीच्या वन-बीएचकेमध्ये राहणाऱ्या एका मित्राला घरच्या घरी पहिला भपका, म्हणजे ऊर्ध्वपातनाचं यंत्र, बनवायचं आहे. मनात वीस लिटरचं तांब्याचं भांडं आहे. नळी किती लांब लागेल, तांबं बरं की स्टील, प्रेशर कुकर चालेल का, हे त्यांनी विचारलं आहे. आणि शेवटच्या ओळीत हळूच, ‘यातच पुढे मोहाची काढता येईल का?’

शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ सालचा आहे आणि आजही लागू आहे. परवान्याशिवाय दारू गाळणं हा गुन्हा आहेच, पण त्या हेतूने भट्टीचं सामान घरात ठेवणं हाही गुन्हा आहे. ‘स्वतःपुरती एक बाटली’ अशी सवलत त्यात कुठेही नाही. कायदा बाजूला ठेवला तरी अल्कोहोलची वाफ पेट घेते, आणि वन-बीएचकेच्या स्वयंपाकघरात ती गळली तर पळायला जागा नसते. मुंबईत मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, त्याचा धाक अनेक जण या संदर्भात दाखवतात. तिथे माणसं मेली ती कारखान्यात वापरायच्या मिथेनॉलमुळे, जे दारू म्हणून विकलं गेलं. तो वेगळाच अपराध होता. म्हणून मी तुम्हाला त्याची भीती घालत नाही. साधं कारण सांगते: परवाना नाही, जागा नाही, करू नका. मोहाचं फारच वेड असेल तर परवाना असलेल्या ठिकाणी जाऊन बघा. गोव्यात काजूची फेणी आजही भट्टीवर गाळतात, ती बघायला एप्रिल-मे बरा.

आता उरलेला प्रश्न, जो मला जास्त आवडला. हाच भपका गुलाबजल, वाळ्याचा अर्क, गवती चहाचं तेल, तुळशीचा अर्क काढायला वापरता येतो. पाण्याच्या वाफेला आग लागत नाही, पण वासाने पहिल्याच दिवशी सगळ्या मजल्याला कळतं की तुमच्याकडे काहीतरी चाललंय. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवा आणि गवती चहाच्या जुड्या दाखवा. बादली, तांब्याची नळी आणि बाटली एका रांगेत मांडलेली पाहिली की लोकांच्या डोक्यात पहिला शब्द ‘हातभट्टी’च येतो.

नवशिक्यांचे प्रश्न बहुतेक भांड्याबद्दल असतात. भांडं किती मोठं, कुठल्या धातूचं, घुमट कसा. खरं तर पाणी उकळणं कुठल्याही भांड्यात होतं. यंत्राचा कस लागतो तो वाफ परत पाणी करण्यात, आणि मुंबईत तर तिथेच सगळं अडतं, कारण आपल्या नळाचं पाणी मुळातच कोमट असतं आणि ते दिवसभर येतही नाही.

थोडा हिशोब करू, म्हणजे वीस लिटरचं भांडं डोक्यातून निघून जाईल. शंभर अंशांवरचं एक लिटर पाणी वाफ व्हायला सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता घेतं. ती वाफ परत पाणी होते तेव्हा तेवढीच उष्णता बाहेर टाकते. ते पाणी चाळीस अंशांपर्यंत गार करायचं तर आणखी अडीचशे. म्हणजे एक लिटर अर्कामागे अडीच हजार किलोज्यूल कुठेतरी जिरवायचे आहेत. वीस लिटरची रंगाची बादली २८ अंशांच्या पाण्याने भरली आणि ते ५० अंशांपर्यंत तापू दिलं, तर ती जेमतेम १,८४० किलोज्यूल सामावते. म्हणजे एका बादलीत पाऊण लिटरच्या आत अर्क. वीस लिटरच्या भांड्यातून चार लिटर अर्क काढायला बसलात तर साडेपाच बादल्या पाणी तापून जाईल. ते आणायचं कुठून आणि ओतायचं कुठे? शिवाय ओट्यावर पंधरा-वीस किलोचं उकळतं भांडं हा प्रकार घरात लहान मूल असेल तर मला अजिबात नको.

म्हणून माझा आग्रह असा की पहिलं भांडं पाच ते सात लिटरचं घ्या. आणि विकत आणायच्या आधी घरातलं मोदकपात्र बघा. खाली पाणी, मध्ये भोकांची चाळणी, वर घुमटासारखं झाकण: अर्क काढायला याहून योग्य रचना मी तरी नव्याने आखली नसती. चाळणीमुळे पाला पाण्यात बुडत नाही, तळाला लागत नाही, आणि करपल्याचा वास अर्कात उतरत नाही. फक्त घरातलं मोदकपात्र त्यासाठी पळवू नका. गवती चहाचा वास स्टीलमधून निघतो, पण झाकणाच्या कडेतून आणि वॉशरमधून निघत नाही, आणि गणपतीत त्यावरून घरात जे होईल त्याला मी जबाबदार नाही. भपक्यासाठी वेगळं घ्या. पायधुणीला तांबाकाट्याजवळच्या भांड्यांच्या दुकानांत स्टीलची आणि तांब्याची दोन्ही मिळतात.

तांबं की स्टील? पहिल्यांदा स्टील. तांब्याची उष्णता वाहण्याची ताकद मोठी आहे हे खरं, पण तुम्हाला ती भांड्यात नाही, नळीत हवी आहे. अर्क किंचित आंबट असतो. कल्हई नसलेल्या तांब्यात तो पडून राहिला तर कळकतो आणि निळसर-हिरवी झाक येते. पावसाळ्यात तर रिकामं भांडंही आतून हिरवं पडतं. तांब्याचं भांडं इंडक्शनवर तापतही नाही. स्टील घेताना चुंबक नेऊन बघा, तळाला चिकटला तर इंडक्शनला चालेल. ॲल्युमिनियम नको, गॅल्व्हनाइज्ड पत्रा तर मुळीच नको. जुन्या गाडीचा रेडिएटर स्वस्तात मिळाला म्हणून गारवा करायला लावणारे लोक आहेत. त्याच्या सांध्यांत शिसं असतं. त्याचा विचारही करू नका.

प्रेशर कुकरबद्दल वेगळं सांगते, कारण हा सल्ला सगळीकडे दिला जातो. शिट्टी काढायची, त्या जागी नळी बसवायची, झालं. अडचण अशी की शिट्टीखालचं भोक बारीक असतं. पाल्याचा एक तुकडा किंवा गुलाबाची एक पाकळी तिथे अडकली की कुकर पुन्हा कुकर होतो, आणि या वेळी वर शिट्टी नसते. सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, पण त्याच्या भरवशावर स्वयंपाकघरात उभं राहायची मला सवय नाही. बरेच कुकर ॲल्युमिनियमचे असतात, तो दुसरा मुद्दा.

इथे एक नियम डोक्यात पक्का करा: भपक्यात दाब कधीच साचू द्यायचा नाही. भांड्यापासून बाटलीपर्यंत वाट कायम मोकळी. मध्ये कुठेही कॉक, व्हॉल्व्ह, चिमटा नाही. बाटलीच्या तोंडावर घट्ट बूच नाही. आणि झाकण स्क्रूने किंवा क्लॅम्पने आवळायचं नाही, कणकेने लिंपायचं. मळलेल्या कणकेची करंगळीएवढी वळी झाकणाच्या कडेला फिरवून दाबली की ती दहा मिनिटांत वाळून घट्ट होते. वाफ गळायला लागली तर त्या जागी ओलं बोट फिरवून आणखी थोडी लावायची. आणि नळी कुठे तुंबलीच तर सगळ्यात आधी ही कणीक सुटते आणि झाकण वर उचललं जातं. नवशिक्यांना कणीक गावठी वाटते, म्हणून ते क्लॅम्पची झाकणं शोधतात. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजमध्ये, जिथल्या अत्तरांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तिथे आजही डेगेचं, म्हणजे उकळायच्या भांड्याचं, तोंड मातीने लिंपतात.

कन्नौजचा विषय निघाला म्हणून थोडं विषयांतर. तिथे तांब्याच्या डेगेतून बांबूची नळी पाण्याच्या हौदात बुडवलेल्या भपक्यात जाते (तिथे अर्क झेलणाऱ्या भांड्यालाच भपका म्हणतात). बघायला जाणारे लोक भट्टीचे आणि ज्वाळांचे फोटो काढतात. अनुभवी कारागीर मात्र हौदाच्या पाण्यात हात घालून बसलेला असतो. पाणी कोमट झालं की बदलायचं, भपका भरत आला की डेगेवर ओलं फडकं फिरवून वाफ मंद करायची. त्याचं निम्मं काम तापमापकाशिवाय, हाताच्या तळव्यावर चालतं. तुमच्याकडे हौद नाही, बादली आहे, एवढाच फरक.

आता नळी. एसी-फ्रिज दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मऊ तांब्याची नळी वेटोळ्यात मिळते. तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) स्वस्त पडते, पण तुम्ही चार सूत घ्या. अरुंद नळीत एखादा चिवट थेंब अडला की मागची वाफ त्याला ढकलत, थुंकत येते. वेटोळ्यासाठी तीन मीटर आणि भांड्यापासून बादलीपर्यंतच्या वाटेसाठी मीटरभर, असं चार मीटर पुरतं. एक किलोवॉटच्या आतल्या उष्णतेला ते भरपूर आहे. ‘जास्त लांब तेवढं चांगलं’ असं नाही. पाणीच गरम झालं असेल तर दहा मीटर नळीनेही काही होत नाही.

वेटोळं करताना नळी चपटते, ही सगळ्यांची तक्रार. नळीत बारीक मीठ ठासून भरा, दोन्ही टोकं टेपने बंद करा, मग सहा इंची पीव्हीसी पाइपाभोवती किंवा तेवढ्याच जाडीच्या डब्याभोवती हळूहळू गुंडाळा. साडेपाच-सहा वेढे बसतात. मीठ नंतर गरम पाण्याने विरघळून निघून जातं. वाळूही चालते, पण तिचा एखादा खडा आत राहतोच. किंवा तुमच्या ओळखीच्या एसी मेकॅनिकला चहा पाजा, त्याच्याकडे बेंडिंग स्प्रिंग असते आणि तो हे काम बोलता बोलता करतो. वेढ्यांमध्ये दीड-दोन इंचांचं अंतर ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नळी वरून खाली सतत उतरती हवी. कुठेही झोळ पडला की तिथे पाणी साचतं, वाफ अडते आणि भपका उचक्या देत चालतो. वेटोळं बादलीत बसवल्यावर त्यात वरून पाणी ओतून बघा. ओतायचं थांबवल्यावर आत काही राहिलं नाही, तर उतार बरोबर आहे.

जोडांसाठी नागदेवी स्ट्रीट. झाकणाच्या मध्यावर भोक पाडून पितळी टँक निप्पल, म्हणजे आटे असलेला नळीचा तुकडा, चेकनटने आवळून बसवायचा. त्याला असा फेरूल जोड लावायचा, ज्याच्या एका बाजूला अर्धा इंची आटे असतात आणि दुसरी बाजू चार सूत नळी पकडते. बादलीच्या तळाजवळही असाच एक निप्पल, ज्यातून वेटोळ्याचं खालचं टोक बाहेर येईल. स्टीलमध्ये स्वच्छ भोक घरच्या ड्रिलने पडत नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडे न्या. आट्यांवर टेफ्लॉन टेप लावा. काळ्या रबराचा वॉशर नको, त्याचा वास पहिल्या वाफेबरोबर अर्कात येतो. शक्य तिथे टेफ्लॉनचा, नाही तर सिलिकॉनचा. डाग देऊन जोड करायचा असेल तर शिसं नसलेलाच वापरा. इलेक्ट्रॉनिक्सचं साधं सोल्डर घरात पडलेलं असतं, ते इथे आणू नका. वाफेच्या वाटेत प्लास्टिकची पारदर्शक नळीही नको. गवती चहाचं आणि लवंगेचं तेल ती मऊ करून टाकतं.

मांडणी अशी: भांडं ओट्यावर, बादली त्याच्या शेजारी खालच्या स्टुलावर, बाटली जमिनीवर. नळी झाकणातून वितभर वर चढते, वळते आणि तिथून उतरतच जाते. उभी चढण लांब ठेवली तर वाफ तिथेच गार होऊन परत भांड्यात पडते आणि तुम्ही गॅस जाळत बसता.

बादलीतलं पाणी हा या सगळ्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. वाफ वरून येते, म्हणून वरचं पाणी आधी तापतं, आणि गरम पाणी वरच राहतं. वरचा थर हाताला चटका देईल इतका तापलेला असताना तळाचं पाणी गार असू शकतं. हे चांगलं आहे! अर्क बाहेर पडतो तो तळातून, गार थरातून. म्हणून बादली ढवळू नका. नवशिका वरच्या पाण्यात बोट घालतो, भाजलं की घाबरून डावाने ढवळतो, आणि जो गार थर कामाला येणार होता तो घालवून बसतो. गार पाणी घालायचंच तर नळी तळापर्यंत सोडून घाला आणि वरचं गरम पाणी बादलीच्या काठाखाली पाडलेल्या भोकातून दुसऱ्या बादलीत वाहू द्या. ते फरशी पुसायला वापरा, उन्हाळ्यात तर फेकायची हिंमतच होत नाही.

बर्फाचा मोह होतोच. एक किलो बर्फ वितळून त्याचं पाणी ५० अंशांवर जाईपर्यंत साधारण ५४० किलोज्यूल पितो. तेवढंच नळाचं पाणी २८ वरून ५० वर जाताना फक्त ९२. म्हणजे लिटरभर अर्काला पाच किलोच्या आत बर्फ पुरतो. पण तो वेटोळ्याच्या बादलीत टाकू नका. बर्फ वर तरंगतो, त्याचं गार पाणी खाली बसत राहतं आणि सगळे थर एकमेकांत मिसळतात. दुसऱ्या बादलीत बर्फ ठेवा, कूलरचा छोटा पंप लावा आणि तिथलं पाणी पहिल्या बादलीच्या तळाशी सोडा. वरून वाहणारं परत दुसऱ्या बादलीत. मासळी बाजारात फोडलेला बर्फ किलोवर मिळतो. तो नळीच्या बाहेरच राहणार, त्यामुळे पिण्याच्या लायकीचा नसला तरी बिघडत नाही. पिशवी मात्र घट्ट बांधून आणा.

एवढं सगळं जमवायच्या आधी एका संध्याकाळी एक प्रयोग जरूर करा. मोठा टोप घ्या, तळाशी स्टीलची वाटी उलटी ठेवा, तिच्यावर रिकामं वाडगं, भोवती तुळस किंवा गुलाबाच्या पाकळ्या आणि बुडतील इतकं पाणी. टोपावर झाकण उलटं, म्हणजे मध्ये खोलगट येईल असं. खोलगटात बर्फ. मंद आचेवर अर्धा तास. वाफ झाकणाला लागून गार होते, मध्यावर जमते, वाडग्यात पडते. हातभर नळीही न लावता अर्धा-पाऊण कप अर्क मिळतो आणि बर्फ वितळला की काय होतं तेही दिसतं. कित्येकांची हौस इथेच भागते, आणि त्यात गैर काही नाही.

यंत्र तयार झालं की पहिला घाणा नुसत्या पाण्याचा, त्यात वाटीभर व्हिनेगर. अर्धा लिटर काढा आणि फेकून द्या. दुसरा साध्या पाण्याचा, तोही फेका. नळीतलं तेल, डागाचं फ्लक्स, नव्या वॉशरचा वास यातच निघतो, आणि कुठे गळतंय ते कळतं. हे गाळपाणी चाखून बघायचं नाही.

पहिला खरा घाणा गवती चहाचा करा. तो स्वस्त आहे, कुठल्याही भाजीवाल्याकडे मिळतो, आणि चुकला तरी वास येतोच. किलोभर पात्या दादरच्या बाजारातून आणा, सावलीत अर्धा दिवस सुकू द्या, दोन-दोन इंचांचे तुकडे करा. चाळणीखाली तीन लिटर पाणी, वर मावेल तेवढा पाला. फार दाबून भरायचा नाही, वाफेला वाट हवी. इतका सैलही नको की वाफ एका कोपऱ्यातूनच पळेल. झाकणाखाली तिसरा हिस्सा जागा मोकळी सोडा. इंडक्शनवर हजार वॉटला उकळी यायला वीसेक मिनिटं लागतात. झाकणावरची नळी हात लावता येणार नाही इतकी तापली की वाफ निघाली असं समजा आणि आच सहाशे वॉटच्या आसपास आणा. तासाला पाऊण लिटर अर्क हा घरच्या यंत्राचा चांगला वेग आहे.

इंडक्शनची एक खोड सांगून ठेवते. कमी आचेवर बरीच मॉडेल्स सतत मंद चालत नाहीत, चालू-बंद होत राहतात. बंद झाल्यावर भांड्यातली वाफ आकसते आणि नळीतून उलटी ओढ लागते. नळीचं टोक जमलेल्या अर्कात बुडालेलं असेल तर तो अर्क परत वर चढतो. म्हणून टोक बाटलीच्या तोंडापाशी, अर्काच्या कायम वर. गॅसवर हा त्रास नाही, पण गॅस सोडून दाराशी कुरिअर घ्यायला जाऊ नका.

गवती चहाच्या तेलात सत्तर-ऐंशी टक्के सिट्राल, म्हणजे लिंबासारख्या वासाचं द्रव्य, असतं आणि ते एकटं असताना २२९ अंशांच्या आसपास उकळतं. मग शंभराच्या आतच कसं येतं? पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, तेव्हा दोघांचा बाष्पदाब वेगवेगळा राहतो आणि त्याची बेरीज होते. ही बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की मिश्रण उकळतं, म्हणजे पाण्याच्या उकळण्याच्या किंचित आधीच. त्यामुळे आच वाढवून तेल लवकर येईल हा समज सोडा. आच वाढवली की फक्त वाफ वाढते, आणि ती झेलायला तुमची बादली तयार नसते.

अर्क किती गार यावा? बाटलीत पडणारा थेंब हाताला फार तर कोमट लागावा, गरम नाही. गरम अर्कातून सुगंध खोलीत उडून जातो. घर घमघमायला लागलं की नवशिके खूश होतात, पण तो वास बाटलीत असायला हवा होता. तासाभराने वास बदलतो, लिंबाचा ताजेपणा जाऊन शिजलेल्या पाल्याचा वास यायला लागतो. तिथे थांबा. पाणी संपेपर्यंत कधीच चालवायचं नाही.

किलोभर ताज्या गवती चहातून दोन ते पाच मिलिलिटर तेल मिळतं. ते पाण्यापेक्षा हलकं, पिवळसर, वर तरंगणारं. वेगळं करायला प्रिन्सेस स्ट्रीटवर प्रयोगशाळेच्या सामानात विभाजक नरसाळं मिळतं, ते घ्या. अर्क रात्रभर त्यात ठेवला की सकाळी थर स्वच्छ दिसतो. लवंगेचं तेल उलट, पाण्यापेक्षा जड, तळाशी बसतं. वाळ्याचं तेल जवळजवळ पाण्याइतक्याच घनतेचं, त्यामुळे ते ना धड वर येतं ना खाली जातं, आणि ते यायलाच दहा-बारा तास आणि जास्त लागतात. वाळ्याचा अर्क काढा, तेलाची आशा धरू नका.

गुलाबाबद्दल सगळे विचारतात. फुलबाजारातले लांब देठाचे डच गुलाब दिसायला छान, वासाला शून्य. त्यांचं गुलाबजल म्हणजे गरम केलेलं पाणी. पहाटे जाऊन सुटे गावठी गुलाबी गुलाब शोधा, आणि नाकाने निवडा. पाकळ्या त्याच सकाळी घाला, दुपारपर्यंत अर्धा वास गेलेला असतो. अर्धा किलो पाकळ्यांना अर्धा लिटर अर्क एवढंच प्रमाण धरा, त्यापुढे नुसतं पाणी पातळ होत जातं. तेल मिळणार नाही. किलोभर गुलाबाचं तेल काढायला साडेतीन-चार टन फुलं लागतात, तुमच्या अर्ध्या किलोत ते हिशोबाने जेमतेम तीन थेंब. दसरा-दिवाळीच्या आठवड्यात बाजाराच्या वाटेला जाऊ नका, भाव ऐकून भपकाच विकावासा वाटेल. मोगऱ्याने तर बहुतेकांची निराशा होते. मोगऱ्याचा सुगंध इतकी आच सोसत नाही, आणि घरच्या भपक्यातून जे येतं ते शिजलेल्या फुलांसारखं लागतं.

ताज्या अर्काला सुरुवातीला एक कच्चा, भांड्याचा म्हणावा असा वास असतो. तोंडावर पातळ कापड बांधून एक-दोन दिवस, मग बंद करून पंधरवडा ठेवलात की तो बसतो. बाटल्या गडद काचेच्या, उकळून कोरड्या केलेल्या. फ्रिजमध्ये सहा महिने ठीक. मुंबईच्या दमट हवेत बाहेर ठेवलेल्या अर्कात महिन्याभरात तंतू तरंगताना दिसू शकतात, तसं झालं की सरळ ओतून द्या. डोळ्यांत घालायला हा अर्क वापरू नका, तो निर्जंतुक नसतो. शुद्ध तेल अंगाला थेट लावू नका. विकायचा विचार आला तर सौंदर्यप्रसाधन विकण्यासाठी बनवायला परवाना लागतो, हे आधी बघून घ्या.

काम झालं की नळीतून गरम पाणी ओता, मग फुंकर मारून किंवा सायकलच्या पंपाने आतून कोरडी करा. टोकं झाकू नका, उघडी टांगून ठेवा. जून ते सप्टेंबर न वापरता ठेवलेली नळी असेल तर पुढच्या घाण्याआधी पुन्हा एकदा व्हिनेगरचं पाणी चालवा. उरलेला पाला कुंड्यांना घालता येतो, पण आधी तो पूर्ण गार होऊ द्या. चाळणीवरचा ढीग वरून गार वाटतो, आत अर्धा तास तरी कढत असतो.